आरंभीच्या स्मार्टफोनांतील ब्लूटूथ : मर्यादा, पर्याय आणि ध्वनिसामग्री

१. प्रास्ताविक

मराठी बोलण्यात 'ब्लूटूथ' हा शब्द दोन अर्थांनी रूढ झालेला आढळतो. 'ते गाणे मला ब्लूटूथ कर' ह्या वाक्यात तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फाइल पाठविण्याच्या क्रियेचा वाचक आहे. 'त्याच्या कानात ब्लूटूथ होते' ह्या वाक्यात तो कानाला लावावयाच्या बिनतारी हेडसेटचा वाचक आहे. दोन्ही ठिकाणी एका व्यापक व्यवस्थेचे नाव तिच्या एकेका उपयोगापुरते संकोच पावले आहे. अर्थसंकोचाचे असे प्रकार भाषेत नित्य घडतात. परंतु ह्या प्रयोगांत बोलणाऱ्यांनी नकळत एक तांत्रिक भेदही टिपला आहे. फाइल पाठविणे आणि आवाज कानापर्यंत नेणे ह्या ब्लूटूथमधील दोन स्वतंत्र सोयी असून, एखाद्या उपकरणात त्यांपैकी एक असणे आणि दुसरी नसणे सहज संभवते.

आरंभीच्या स्मार्टफोनांच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्या काळात ग्राहकांना जाणवलेल्या उणिवा आज इतिहासजमा झाल्या आहेत; पण भाषेच्या अभ्यासकास त्यांची माहिती असणे अद्याप अगत्याचे आहे. त्या फोनांवर मुद्रित झालेली बोलींची सामग्री संग्रहांत राहिली असेल, तर ती कोणत्या मार्गाने फोनमध्ये उतरली ह्यावर तिचे प्रामाण्य अवलंबून राहते. म्हणून ब्लूटूथची रचना, आरंभीच्या फोनांतील मर्यादा, त्यांवर योजलेले पर्याय आणि त्या पर्यायांची किंमत ह्यांचा विचार येथे क्रमाने केला आहे.

२. वाहक आणि संकेत

ब्लूटूथचा उगम स्वीडनमधील लुंड येथे, एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झालेल्या कामात आहे. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा ह्या कंपन्यांनी मिळून त्याचा एक संघ स्थापन केला व १९९९ मध्ये पहिला प्रमाणग्रंथ प्रसिद्ध झाला. दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड ब्लोटान ह्याच्या उपनावावरून हे नाव घेतले आहे.

ह्या व्यवस्थेचे दोन स्तर ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला स्तर रेडिओचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ उपमार्गांवरून सेकंदाला १६०० वेळा मार्ग बदलीत दोन उपकरणे परस्परांशी संपर्क ठेवतात. दुसरा स्तर संकेतांचा. रेडिओवरून आलेल्या अंकांचा अर्थ काय लावावयाचा, ते संभाषण समजावयाचे, संगीत समजावयाचे की फाइल, हे ठरविणारे नियम प्रत्येक उपयोगासाठी वेगळे आहेत. अशा एकेका नियमसंचास 'प्रोफाइल' म्हणतात. दोन उपकरणांची जोडणी होताना ती परस्परांस उपलब्ध सेवांविषयी विचारतात. आणि ज्या प्रोफाइलचे ज्ञान दोहोंकडे असेल तेवढाच व्यवहार पुढे होतो. दोन माणसांचे कान व कंठ शाबूत असले तरी समान भाषेवाचून संभाषण होत नाही. तसाच हा प्रकार होय.

ध्वनीसंबंधी दोन प्रोफाइलांतील भेद येथे विशेष महत्त्वाचा आहे. पहिले 'हँड्स-फ्री' प्रोफाइल. त्यात आवाज दोन्ही दिशांनी जातो, पण तो दूरध्वनीच्या प्रतीचा असतो : सेकंदाला ८००० नमुने, एकच वाहिनी, ६४ किलोबिटांचा वेग. दुसरे संगीतासाठीचे 'ए-टू-डी-पी'. त्यात दोन वाहिन्या असून आवाज पुष्कळ अधिक संपन्न असतो. परंतु नेहमीच्या वापरात तो फोनकडून कानाकडे, अशा एकाच दिशेने जातो. मायक्रोफोनचा आवाज फोनकडे आणण्याचे काम हे प्रोफाइल करीत नाही.

३. मर्यादांचे स्वरूप

भारतातील ग्राहकांस ह्या मर्यादा विशेष जाणवल्या, ह्याचे कारण त्यांची पूर्वीची सवय होय. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ६६०० सारख्या सिंबियन प्रणालीच्या फोनांतून गाणी, छायाचित्रे व घंटास्वर परस्परांस पाठविणे ही सामान्य गोष्ट झाली होती. 'ब्लूटूथ करणे' हे क्रियापद अशाच व्यवहारातून रुळले. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन ३जी भारतात विक्रीस आला तेव्हा अधिक महाग व अधिक नव्या अशा ह्या फोनवरून शेजारच्या फोनला एक गाणेही पाठविता येत नाही, ह्याचे अनेकांस नवल वाटले.

जून २००७ मध्ये अमेरिकेत आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये ब्लूटूथचा उपयोग मुख्यतः हँड्स-फ्री संभाषणापुरता होता. बिनतारी स्टीरिओ संगीताची सोय जून २००९ मधील तिसऱ्या प्रणाली-आवृत्तीने दिली. मात्र ती आवृत्ती पहिल्या आयफोनवर चालत असूनही ही सोय त्यास मिळाली नाही. आयफोनला ब्लूटूथ कळफलक जोडण्याची सोय २०१० मध्ये आली. अन्य बनावटीच्या फोनला ब्लूटूथने फाइल पाठविण्याची मुभा तर त्या काळात आयफोनने दिलीच नाही.

अँड्रॉइडचा आरंभही असाच तोकडा होता. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेला त्याचा पहिला फोन संभाषणाचे हेडसेटच जोडू शके. स्टीरिओ संगीत एप्रिल २००९ मधील १.५ ह्या आवृत्तीत आले. फाइल पाठविण्याचे प्रोफाइल ऑक्टोबर २००९ मधील २.० ह्या आवृत्तीत आले. २०१० मध्ये आलेल्या विंडोज फोन ७ मध्येही फाइल पाठविण्याची सोय नव्हती. ती २०१२ मधील आठव्या आवृत्तीने दिली.

४. मर्यादांची कारणे

ह्या उणिवांचे मूळ यंत्राच्या दुर्बलतेत होते, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बहुतांशी खरा नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या आयपॉड टच ह्या उपकरणाच्या दुसऱ्या पिढीत ब्लूटूथची चिप बसविलेली होती, पण ती निष्क्रिय ठेवली होती. जून २००९ मध्ये तिसरी प्रणाली-आवृत्ती ९.९५ डॉलर देऊन घेतली असता तेच उपकरण ब्लूटूथ हेडफोन जोडू लागले. यंत्र तेच होते. बदलला तो संकेतांचा स्तर.

मात्र सर्वत्र कारण एकच होते असे नाही. अँड्रॉइडच्या बाबतीत प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा ब्लूटूथचा भाग ऑगस्ट २००८ मध्ये मुद्दाम गाळण्यात आला, तो वेळ अपुरा पडल्याने. म्हणजे ही उणीव अपूर्णतेची होती. दुसरे कारण सुरक्षिततेचे. जून २००४ मध्ये उघडकीस आलेला 'कॅबिर' हा उपद्रवी प्रोग्राम सिंबियन फोनांत ब्लूटूथवाटेच पसरत असे. तेव्हा परक्या फोनकडून फाइल घेण्यात धोका होता हे नाकारता येत नाही. तिसरे कारण व्यापाराचे. अमेरिकेत २००४ मध्ये विकल्या गेलेल्या मोटोरोला व्ही७१० ह्या फोनमधील फाइल-व्यवहाराची सोय सेवादात्या कंपनीने बंद ठेवली होती, आणि त्यावरून २००५ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. हा फोन आजच्या अर्थाने स्मार्टफोन नव्हे; पण यंत्रात असलेली सोय धोरणाने कशी नाहीशी होते, ह्याचे ते ठळक उदाहरण आहे.

५. पर्याय आणि त्यांची किंमत

ह्या मर्यादांवर जे उपाय योजले गेले त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग, असलेल्या प्रोफाइलकडून दुसऱ्याचे काम करून घेण्याचा. विंडोज मोबाइल व पाम ह्या प्रणालींसाठी असे छोटे प्रोग्राम मिळत, की त्यांच्या योगे फोनवरील संगीत हँड्स-फ्री मार्गाने साध्या हेडसेटमध्ये ऐकता येई. ह्यात खर्च नगण्य होता. पण संगीत दूरध्वनीवरून ऐकल्यासारखे येई.

दुसरा वर्ग, बाह्य जोडाचा. फोनच्या हेडफोन जॅकला वा खालच्या जोडणीला स्वतंत्र ब्लूटूथ प्रक्षेपक लावला, की फोनला ए-टू-डी-पी येत नसले तरी चाले. ते ज्ञान प्रक्षेपकाजवळ असे. पहिल्या आयफोनचा हेडफोन जॅक आत दबलेला असल्याने त्यास पुष्कळदा आणखी एक जोडतुकडा लागे. प्रक्षेपकाची वीज वेगळी सांभाळावी लागे, हा दुसरा गैरसोयीचा भाग. तथापि आवाजाच्या प्रतीच्या दृष्टीने हा उपाय पहिल्याहून निश्चितच सरस होता.

तिसरा वर्ग, वाट बदलण्याचा. फाइल ई-मेलने पाठविणे, तारेने संगणकावर घेणे, मेमरी कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालणे हे सर्व ह्यात येतात. २००९ मध्ये निघालेला 'बंप' हा प्रोग्राम ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन फोन एकमेकांवर हलकेच आपटले की मजकूर एकातून दुसऱ्यात जात असल्याचे दिसे; वस्तुतः तो इंटरनेटवरून दूरच्या संगणकामार्फत जाई. दृश्य जवळिकीचे, मार्ग मात्र दूरचा. जानेवारी २०१४ अखेर ती सेवा बंद झाली आणि तिच्यासह हा मार्गही.

चौथा वर्ग, प्रणालीत फेरफार करण्याचा. 'जेलब्रेक' केलेल्या आयफोनसाठी फाइल-व्यवहाराचे प्रोग्राम निघाले. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये अशा फेरफारास स्वामित्वहक्काच्या कायद्यातून सूट मिळाली. पण उत्पादकाची हमी गमावण्याचा, सुरक्षितता शिथिल होण्याचा आणि पुढील आवृत्तीबरोबर सोय नाहीशी होण्याचा संभव कायम राहिला. मूळ अडचणीवर, म्हणजे संकेतांच्या स्तरावर, थेट इलाज करणारा हाच एक वर्ग होता. म्हणूनच तो सर्वांत समर्थ आणि सर्वांत जोखमीचाही होता.

पुढे ह्या अडचणी पुष्कळशा दूर झाल्या त्या नव्या संकेतांनी. ऑक्टोबर २०११ मधील आयफोन ४एस मध्ये ब्लूटूथ ४.० आले व लहान उपकरणांशी संवाद साधण्याचा मार्ग प्रोग्राम लिहिणाऱ्यांस खुला झाला. २०१३ मध्ये आयफोनवर आलेल्या 'एअरड्रॉप'मध्ये ब्लूटूथ शेजारचे उपकरण शोधण्यापुरते योजले असून फाइल वाय-फायने जाते.

६. ध्वनिमुद्रणाचा प्रश्न

वरील पर्यायांपैकी संगीत ऐकणाऱ्याने कोणताही निवडला तरी फार तर त्याच्या आनंदात उणेपणा येईल. मुद्रण करणाऱ्याचे तसे नाही. त्याचा पुरावाच बदलतो.

ब्लूटूथ हेडसेटच्या मायक्रोफोनमधून केलेले त्या काळातील मुद्रण हँड्स-फ्री मार्गाने आलेले असणार. सेकंदाला ८००० नमुने म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचे काहीही त्यात असू शकत नाही. स्वरांचे पहिले दोन-तीन फॉर्मंट त्या मर्यादेच्या आत येत असल्याने स्वर बऱ्यापैकी ओळखू येतात. पण 'स'कारातील घर्षणाची ऊर्जा मोठ्या प्रमाणात त्या मर्यादेच्या वर असते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, ह्या दोन शब्दांत मराठी तालव्य व दंत्य ज-कारांचा भेद करते. तोच भेद च-कारांतही आहे. एखाद्या बोलीत हा भेद टिकून आहे की लोपत चालला आहे, असा प्रश्न असता हँड्स-फ्री मुद्रणाच्या आधारे 'लोपला' असे म्हणणे धोक्याचे आहे. कदाचित तो बोलीत नव्हे, वाटेत लोपला असेल. हेडसेटमधील गोंगाट दाबण्याची योजनाही घर्षणध्वनींस गोंगाट समजून क्षीण करू शकते.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. फोनच्या स्वतःच्या वा तारेच्या मायक्रोफोनने केलेली फाइल नंतर ब्लूटूथने पाठविली, तर तिच्यात काहीही बिघाड होत नाही. फाइल-व्यवहारात अंक जसेच्या तसे जातात. बिघाड होतो तो आवाज चालू असताना हेडसेटमधून आणण्यात. दुसरे असे की तार वापरल्यानेच सर्व साधते असेही नाही. त्या काळातील पुष्कळ फोन ध्वनिमुद्रण 'एएमआर' ह्या स्वरूपात साठवीत. त्याच्या सामान्य प्रकारात नमुन्यांचा वेग ८००० च असल्याने परिणामी मर्यादा तीच राहते.

अशा सामग्रीच्या परीक्षेची रीत सोपी आहे. फाइलवर ४४,१०० नमुन्यांचा आकडा असला तरी त्यावर विसंबू नये. तो नंतरच्या रूपांतराने आलेला असू शकतो. स्पेक्ट्रोग्राम काढून ४००० हर्ट्झच्या आसपास सर्व ध्वनींची ऊर्जा एकाच रेषेत तुटलेली दिसते का, हे पाहावे. तशी दिसल्यास गेलेला भाग कोणत्याही प्रक्रियेने परत येत नाही; ते मुद्रण शब्दसंग्रह, वाक्यरचना व कथनाच्या अभ्यासास उपयुक्त राहते, घर्षणध्वनींच्या अभ्यासास नाही.

२०११ मध्ये हँड्स-फ्री प्रोफाइलात १६,००० नमुन्यांचा विस्तृत आवाज आला आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या 'एलई ऑडिओ' ह्या नव्या प्रमाणाने दोन्ही दिशांच्या उत्तम आवाजाचा मार्ग मोकळा केला. तरीही दोन्ही टोकांच्या उपकरणांस नवा संकेत अवगत नसेल तर जोडणी जुन्या संकेतावर उतरते. ही उतरण मुद्रण करणाऱ्यास बहुधा कळतही नाही.

७. निष्कर्ष

आरंभीच्या स्मार्टफोनांत ब्लूटूथ होते किंवा नव्हते, एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणते प्रोफाइल होते हे सांगितले पाहिजे. मर्यादा यंत्रातली की संकेतांतली की धोरणातली, हे आधी ठरविल्याखेरीज तिच्यावरील पर्यायाची योग्यता ठरत नाही. क्षेत्रीय कार्य करणाऱ्यांनी मुद्रणाबरोबर निवेदकाचे गाव, वय व तारीख नोंदविण्याची शिस्त पाळलेली असते. त्याच नोंदीत मायक्रोफोन कोणता, तो तारेने जोडला की ब्लूटूथने, आणि फाइलचे मूळ स्वरूप काय, ह्या तीन गोष्टींची भर घालणे अवघड नाही. जुन्या संग्रहांसाठी ही माहिती मुद्रण करणाऱ्यांकडून विचारून घेणे अद्याप शक्य आहे, आणि ते काम लांबणीवर न टाकणे इष्ट होय.