धीर आधी येत नाही, चालता चालता येतो

साक्रीसारख्या गावात व्यायामाची भीती दमण्याची कमी आणि नजरांची जास्त असते. धीर आला की सुरू करू, असं आपण म्हणतो. पण क्रम उलटा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की, आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः करून पाहिलेली गोष्ट. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. बक्षिसाच्या पैशांतून करायच्या पतीच्या उपचारांची निकड लोकलाजेपेक्षा मोठी ठरली.

'शेतात राबतो, तेवढं पुरे' हे अनेकांबाबत खरंही आहे. पण दुकानात, कचेरीत दिवसभर बसणाऱ्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, आणि थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी मानते. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी आजच दहा मिनिटं चालून बघा.