सीटी स्कॅन : भीती आणि वस्तुस्थिती

सीटी स्कॅन लिहून दिला की, खेड्यातून नांदेड-लातूरला आलेल्या रुग्णाच्या पोटात गोळा येतो. वास्तविक हे क्ष-किरणांचेच पुढचे पाऊल. हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले.

दागिने काढून रुग्णाने अरुंद टेबलावर निजायचे. टेबल मोठ्या कड्यात सरकते. कडे दोन्ही बाजूंनी उघडे असते. हलू नये, सांगतील तेव्हा श्वास रोखावा. काही वेळा शिरेतून औषध देतात. अंगभर ऊब जाणवते, ती थोड्याच वेळात ओसरते.

मात्र मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी आधी सांगावी. दिवस गेले असल्यास सुनेला ते सासऱ्यांसमोर सांगवत नाही. तिने नर्सबाईंना बाजूला घेऊन सांगावे. संकोच तिथे महाग पडतो.