डिप्लोमा झाला, पुढे काय? थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला!



मागच्या महिन्यात एका गटाच्या मीटिंगला गेले होते. कर्जमागणीचा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, "पोरगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं इंजिनिअर व्हायचं म्हणते. पण तिची बारावी कुठं झालीये? आता अजून चार वर्षं कसं शिकवू? लग्नाचंच बघतो." बाकीच्या जणीही माना हलवत होत्या. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

बारावी लागत नाही, चार वर्षंही लागत नाहीत

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे पुढे तीनच वर्षं. त्यासाठी सीईटी परीक्षा नसते. डिप्लोमाच्या टक्केवारीवर गुणवत्ता यादी लागते. खुल्या वर्गाला किमान 45 टक्के आणि राखीव वर्गाला 40 टक्के लागतात. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलांनाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआयवाल्यांचीही वाट बंद नाही.

मोठ्या कॉलेजात नंबर लागेल का?

खरं सांगायचं तर, सोपं नाही. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या 10 टक्के जागा असतात. 60 जागांची शाखा असेल तर फक्त 6. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळवतात, पण नावाजलेल्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात कुठे? पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय इथे कॉम्प्युटरसारख्या शाखेला नव्वदीच्या पुढचे गुण लागतात. आयआयटीत तर असा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेशच नाही. पण 70-75 टक्के असलेल्या मुलीने निराश व्हायचं कारण नाही. जिल्ह्याच्या आसपासच्या कॉलेजात तिला जागा मिळू शकते.

फीचं काय?

2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीची वेगळी योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. ही फी माफी सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेतला तरच मिळते. "मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो," असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका, आधी विचारा. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र वेगळा, तो धरून चाला.

आतापासून काय करायचं?

1. मुलगी शेवटच्या वर्षाला गेली की कागदं काढा: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर.
2. जात वैधता प्रमाणपत्राला महिनेही लागतात. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत लवकर करा. कागदावाचून राखीव जागा हातची जाते.
3. निकाल लागला की सीईटी सेलच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज भरा. तारखा चुकवू नका.
4. कॉलेजांचे पर्याय मनातल्या पसंतीच्या क्रमानेच भरा. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात किती टक्क्यांना प्रवेश थांबला, त्याची यादी वेबसाइटवर असते. ती मुलीसोबत बसून बघा. नेटकॅफेवाल्यावर सोपवू नका.
5. सुट्टीत गणिताचा अभ्यास करायला सांगा. बारावी करून आलेल्या मुलांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं, डिप्लोमावाल्यांना तिथेच जड जातं.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, "लग्न तीन वर्षांनीही होईल, पण ही जागा परत मिळेलच असं नाही." त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेल्या.

तुमच्या पुढच्या मीटिंगला विचारा: आपल्यातल्या कोणाची लेक डिप्लोमाला आहे? नावं लिहून घ्या. वसतिगृहाच्या खर्चासाठी अंतर्गत कर्ज देता येईल का, याचाही ठराव करा. कागदांची अडचण आली तर मला सांगा, आपण मिळून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक