दार उघडले, पाट मांडला का?

भंडाऱ्याला आगगाडीने जायचे म्हणजे वरठीला उतरावे लागते. स्टेशनावरची पाटी ‘भंडारा रोड’ म्हणते, पण गाव वरठी. मुंबई-हावडा मार्गावर नागपूरपासून साठेक किलोमीटर पुढे. जिल्ह्याचे ठिकाण तेथून आणखी दहाएक किलोमीटर. बहुतेक प्रवासी येथे उतरतात ते बस नाहीतर रिक्षा पकडून पुढे जाण्यासाठीच. पण कोणी घटकाभर थांबून पाहील, तर त्याला एक विलक्षण शेजार दिसेल. एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला सनफ्लॅग कंपनीचा पोलादाचा कारखाना. १९८९ च्या सुमारास ही भट्टी पेटली, आणि गावाच्या बोलण्यात ‘पहिली पाळी’, ‘दुसरी पाळी’ हे शब्द येऊन बसले.

अभियांत्रिकी म्हणजे काय, हे पुण्याच्या मुलाला पुस्तकात वाचावे लागते. वरठीच्या मुलाला ते अंगणात उभे राहून दिसते. भट्टी मनात आले म्हणून विझवता येत नाही, म्हणून माणसांनी पाळ्या लावून तिच्यापाशी जागायचे असते, ही गोष्ट त्याला शाळेत जाण्याआधी ठाऊक असते. त्याच्या बहिणीलाही ठाऊक असते. एवढे असूनही बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या या बाजूच्या मुलीला ‘पुढे काय?’ म्हणून विचारावे, तर ‘मेकॅनिकल’ किंवा ‘मेटॅलर्जी’ हे उत्तर सहसा येत नाही. नर्सिंग येते, बी.एस्सी. येते, आणि अलीकडे ‘कॉम्प्युटर’ येते.

पाश्चात्य देशांत याच्या अगदी उलट तक्रार आहे. तिकडे मुली संगणकाकडे फिरकत नाहीत म्हणून विद्यापीठे चिंतेत असतात. वास्तविक १९४६ साली अमेरिकेत एनियाक हे अवाढव्य गणनयंत्र लोकांपुढे आले, तेव्हा त्याला काम नेमून देणाऱ्या पहिल्या सहाही जणी स्त्रियाच होत्या. पुढे घरोघर लहान संगणक आले, ते मुलांच्या खोलीत गेले, आणि ‘हे यंत्र दादाचे’ असे ठरून गेले. आपल्याकडे बहुतेक घरांत संगणक नव्हताच. त्यामुळे तो दादाचाही झाला नाही आणि ताईचाही नाही. उलट आईबापांनी सरळ हिशेब केला. स्वच्छ कचेरी, बसायला खुर्ची, अंगाला तेल नाही, काजळी नाही. म्हणजे जे यंत्र पाहण्यात मुलीचे सारे बालपण गेले ते तिचे नव्हे, आणि ज्याला बारावीपर्यंत तिने धड हातही लावला नाही ते मात्र तिचे!

याला आईबापांचा मागासलेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु बाप जे म्हणत होता ते कायद्यालाच धरून होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात ६६ वे कलम होते. कारखान्यात स्त्रीने सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळात काम करावे, असा त्याचा मथितार्थ. राज्य सरकारला या वेळा थोड्या मागेपुढे करता येत, पण रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ कोणत्याही सबबीवर नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गिरण्यांतून स्त्रियांची जी पिळवणूक चाले ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण नव्या अभियंत्याला पहिली दोन-चार वर्षे पाळीतच घासून निघावे लागते. जिला रात्रपाळी करता येत नाही तिला पोलादाच्या कारखान्याने का घ्यावे, आणि जिला कारखाना घेणार नाही तिने ती शाखा का निवडावी? महाविद्यालयात मुलींना मज्जाव नव्हता हे खरे. तो कारखान्याच्या फाटकावर होता, आणि त्याची सावली महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर पडत होती. महाराष्ट्राने या कलमात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळी खुली केली ती २०१५ साली.

खाणींचे तर आणखीच कडक. वरठीच्या पुढचे मोठे स्टेशन तुमसर रोड. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीची उघडी, चिखल्याची जमिनीखाली. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या खाणीत स्त्रीला कामाला ठेवण्यास बंदी केली. मग खाणकामाचे शिक्षण तरी मुलींना कशाला द्यायचे? आपल्या विदर्भातल्याच एका मुलीने, चंद्राणी वर्मा यांनी, हा ‘कशाला’ मानला नाही. खाण अभियांत्रिकीला प्रवेश मिळावा म्हणून त्यांना नव्वदच्या दशकात न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९९९ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे नागपूरच्या खाण संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ झाल्या. देशातली पहिली स्त्री खाण अभियंता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. गंमत अशी की, त्यांना पदवी मिळाल्यानंतरही कायदा वीस वर्षे जागचा हलला नाही. तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना जमिनीखाली उतरण्याची मुभा केंद्र सरकारने दिली ती २०१९ च्या आरंभी. तीही दिवसा, लेखी संमती घेऊन, आणि किमान तिघीजणी मिळून.

कोणी म्हणेल, झाले ना आता सारे? मग रडगाणे कशाला? ते अगदीच खोटे नाही. आय.आय.टी.त मुलींचे प्रमाण कसेबसे आठ-नऊ टक्के असे. २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या, आणि १४, १७ असे करत २०२० मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. जागा जादा होत्या. मुलांच्या कमी केल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण घरोघर याउलट बोलले जाते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थांतही तोच मार्ग धरला गेला. महर्षी कर्व्यांच्या संस्थेने पुण्यात १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले आणि पुढे नागपूरजवळ हिंगण्यालाही काढले. (अण्णांचा आश्रम पुण्याच्या हिंगण्याला, आणि नातींचे कॉलेज नागपूरच्या हिंगण्याला, नावाचा योग मोठा गोड आहे.) आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. पूर्वी ती निम्मी माफ होती. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल मात्र फीत धरत नाहीत, आणि बाहेरगावी ठेवलेल्या मुलीच्या बापाला विचाराल तर खरा खर्च तोच असतो.

तर दार उघडले आहे. प्रश्न आतला आहे. पाहुण्याला ‘या’ म्हणून आपण आत घेतले, आणि पंगतीत पाटच मांडला नाही, तर तो किती वेळ उभा राहील?

भंडारा जिल्ह्यातल्या मुलाची घरची भाषा झाडीबोली. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ‘पाणी’ नव्हे, ‘पानी’. शाळेत आल्यावर तो पुस्तकी मराठी शिकतो, ही त्याची पहिली परकी भाषा. तिच्यात जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच अकरावीला विज्ञानशाखेत इंग्रजी येते. राज्याच्या प्रवेश परीक्षेत पदार्थविज्ञान आणि रसायनाचे प्रश्न मराठीतून घेता येतात, गणिताचे मात्र गेली कित्येक वर्षे इंग्रजीतूनच. आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात प्राध्यापक महाशय इंग्रजीतून, तेही भरधाव! मुलाला विषय समजत नाही असे नसते. वाक्य संपते तेव्हा तो अजून त्याच्या मध्यावर असतो. तो हात वर करत नाही. महिन्याभराने आपल्याला डोके नाही अशी त्याची खात्री होते. मुलगी असेल तर दुप्पट. कारण चुकीचे इंग्रजी बोलून हसे करून घेण्याची भीती तिला अधिक.

मी मराठीचा अध्यापक. तेव्हा मराठीतून अभियांत्रिकी म्हटल्यावर मी टाळ्या पिटाव्यात अशी अपेक्षा असते. २०२१-२२ पासून तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून पदवी शिक्षणाला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली, याचा आनंद मला झालाच. पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीत आली, हेही थोडे नव्हे. तरी एक शंका मनातून जात नाही. मराठीची तुकडी वेगळी बसवली की ती वेगळी पंगत होते, आणि वेगळ्या पंगतीला आपल्या समाजात काय अर्थ आहे, हे सांगायला नको. मला विचाराल तर मराठी हवी ती त्याच वर्गात, त्याच शिक्षकाच्या तोंडी, पहिले सहा महिने. इंग्रजी संज्ञा सांगायची, मग ‘म्हणजे बघा’ म्हणून मराठीत उलगडायची. संज्ञांचेही अवडंबर नको. आमच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषाकोशांचे मोठे काम केले आहे. परंतु लेथला लेथ आणि वेल्डिंगला वेल्डिंगच म्हणणाऱ्या कारागिराच्या मुलाला त्यांचे संस्कृत प्रतिशब्द म्हणजे आणखी एक परकी भाषाच.

याहून मोठा धडा मला अमेरिकेतल्या दोन संस्थांत दिसतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ साली १०० मध्ये ७ मुली होत्या. २००० साली ४२ झाल्या. मुलींना विशेष सोपे असे काही शिकवले नाही. आधीपासून संगणकावर खेळत आलेली मुले जन्मजात हुशार, हा समज काढून टाकला. प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवाचे वजन कमी केले, आणि अनुभव नसणाऱ्यांसाठी आरंभ निराळा ठेवला. पुढे कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने तेच केले. पहिल्या वर्गाचे दोन भाग पाडले, आधी शिकून आलेले आणि न आलेले; वर्गात सारखी उत्तरे देऊन इतरांना घाबरवणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक बाजूला बोलावून सांगत, बाबा रे, तुझे ज्ञान आपण दोघे निवांत बोलू, वर्गात इतरांना बोलू दे. तेथे सुमारे १० टक्क्यांवरून पाचेक वर्षांत ४० टक्के झाले. याला ना इमारत लागली, ना मोठा निधी.

आपल्याकडे या गोष्टीला जातीचीही एक बाजू आहे, आणि ती न बोलता टाळणे बरे नव्हे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. आंधळगावचा कोसा प्रसिद्ध. धातू ओतणारे, ठोकणारे, माग चालवणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या होते. पण पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये निघाला, तेव्हा तेथे जाता येत होते ते अक्षर हाती असणाऱ्या घरांतून. यंत्राशी ज्यांचा खरा संबंध होता, त्यांची मुले आज आरक्षणाने तेथे पोचतात, तर पहिल्याच दिवशी कोणीतरी ‘गुण किती?’ म्हणून विचारतो, आणि तो आकडा चार वर्षे त्यांच्या नावामागे चिकटून राहतो. ज्याच्या आजोबाने नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून धातूचा ताव ओळखला, त्याला धातुशास्त्राच्या वर्गात खालमानेने बसावे लागावे! अपंग विद्यार्थ्यांसाठीही २०१६ च्या कायद्याने ५ टक्के जागा राखल्या आहेत. आरेखनाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि जिना एकच, ही कथा मात्र अनेक ठिकाणी चालूच आहे.

म्हणून आपल्या मुलामुलींसाठी कॉलेज निवडताना पालकांनी नोकऱ्यांचे आकडे विचारावेत, जरूर विचारावेत. पण आणखी दोन-तीन गोष्टी विचारायला संकोचू नये. पहिल्या वर्षी मराठी माध्यमाच्या मुलांसाठी काय सोय आहे? प्रयोगशाळा किती वाजता सुटते, आणि त्यानंतर वसतिगृहापर्यंत पोचायला काय आहे? वर्कशॉपमध्ये चार जणांच्या गटात कानस कोण धरतो? हा शेवटचा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण गटात एक मुलगी असली की तिचे अक्षर चांगले म्हणून जर्नलची वही तिच्याकडे येते, तिघे मुलगे यंत्रावर उभे राहतात, आणि वर्षाअखेर सर्वांत सुंदर जर्नल तिचे असते. चौघांनी आळीपाळीने यंत्रावर उभे राहायचे आणि आळीपाळीने वही लिहायची, एवढा नियम शिक्षकाने सत्राच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर लिहिला तरी पुरतो. वही लिहिण्याची पाळी आली म्हणजे मुलांचेही अक्षर सुधारेल. ते आम्हा मराठीवाल्यांना हवेच आहे.