प्रकाशलहरींचे मोजमाप

मुळशीच्या शांत जलाशयात दोन खडे टाकले असता पाण्यावर दोन तरंगमालिका पसरतात. दोहोंचे उंचवटे जेथे एकत्र येतात, तेथे लाट मोठी होते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की पाणी जवळजवळ स्थिर राहते. यास व्यतिकरण म्हणतात. लाटेची उंची हा तिचा आयाम, तर उंचवटा व खळगा यांच्या क्रमातील तिची त्या क्षणीची स्थिती ही तिची कला होय.

प्रकाशही तरंगरूप आहे; परंतु त्याची आंदोलने सेकंदास सुमारे ५०० लाख कोटी इतकी असतात. त्यांचा मागोवा घेणे डोळ्यास वा कॅमेऱ्यास शक्य नाही. त्यांना केवळ तेजस्विता कळते. तीवरून आयाम काढता येतो; कलेची नोंद मात्र होत नाही. न रंगविलेली जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अस्पष्ट दिसते ती यामुळेच. ती प्रकाश फारसा शोषत नाही, फक्त त्याची कला बदलते.

यावरील उपाय व्यतिकरणातच आहे. वस्तूकडून आलेल्या प्रकाशाची दुसऱ्या प्रकाशाशी गाठ घातली की कलेतील फरक उजेड-अंधाराच्या रूपाने प्रकट होतो. या तत्त्वावर पेशी स्पष्ट दाखविणारा सूक्ष्मदर्शक रचल्याबद्दल डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ मध्ये, तर आयाम व कला दोन्ही नोंदविणाऱ्या होलोग्राफीबद्दल डेनिस गाबोर यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच तत्त्वाचा भव्य आविष्कार हिंगोली जिल्ह्यातील ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पात योजिला आहे. पुण्याची ‘आयुका’ ही त्यातील एक सहभागी संस्था. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. येथे लेसरचा झोत दुभागून परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून पाठवावयाचा व आरशांवरून परतल्यावर पुन्हा एकत्र आणावयाचा आहे. गुरुत्वीय लहरीमुळे नळ्यांतील अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाने बदलले, तरी कलेतील फरकावरून ते ओळखता यावे, अशी ही योजना आहे. अमेरिकेतील अशाच यंत्रणेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली.

इतक्या नाजूक मापनास जमिनीचा कंपही अडथळा ठरतो. अवजड वाहतूक व सुरुंगाचे स्फोट अशा केंद्रापासून दूर राहणे आवश्यक असते. म्हणून परिसरातील रस्ते व खाणी यांविषयीचे निर्णय विचारपूर्वक घेणे, हा पंचायती व प्रशासन यांचा या विज्ञानकार्यातील मोलाचा वाटा ठरेल. शिक्षकांना तर या विषयाचा पहिला धडा पाण्याच्या परातीतही देता येईल.