बॅकप्लेट आणि विंग : आधी शिसे मोजा, मग खरेदी करा



तारकर्लीला, गोव्यात ग्रँड आयलंडला किंवा अंदमानात हॅवलॉकला जाऊन स्कूबा करून आलेली मंडळी आता प्रत्येक गावात भेटतात. त्यातली बहुतेक जण प्रशिक्षकाने पाठीमागून धरलेले असताना खाली जातात, मासे बघतात, फोटो काढतात आणि वर येतात. त्यांना स्वतःचे साहित्य घ्यायची काहीच गरज नाही. हा लेख आहे तो ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलामुलींनी रीतसर ओपन वॉटर कोर्स केला आहे आणि आता वर्षाला आठ-दहा तरी डाइव्ह होतात, त्यांच्यासाठी. अशा टप्प्यावर कोणीतरी हमखास सांगते, "जॅकेट सोडा, बॅकप्लेट-विंग घ्या." सल्ला बरा आहे. पण घ्यायची म्हणजे नेमके काय घ्यायचे, हे ठरवायला आपला वर्गातला तरंगणे-बुडण्याचा पाठच कामाला येतो. म्हणून हा विषय इथे.

पाण्यात डाइव्हरच्या पाठीला सिलिंडर बांधलेले असते आणि त्याच्याबरोबर हवा भरायची एक पिशवी असते. पिशवीत हवा सोडली की प्लावक बल वाढते, हवा काढली की कमी होते. कोर्समध्ये वापरतात त्या जॅकेटमध्ये ही पिशवी बगलेखाली, पोटाच्या बाजूंना अशी अंगाभोवती असते. बॅकप्लेट-विंगमध्ये तीन गोष्टी सुट्या असतात. पाठीवर धातूची एक वाकवलेली पाटी, म्हणजे बॅकप्लेट. त्या पाटीतून ओवलेला सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा, म्हणजे हार्नेस. आणि पाटी व सिलिंडर यांच्या मध्ये बसणारी हवेची पिशवी, म्हणजे विंग. हवा सगळी पाठीमागे असल्यामुळे पाण्यात आडवे राहणे सोपे जाते, छाती-पोट मोकळे राहते आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येतो.

ही मांडणी अमेरिकेत फ्लोरिडामधल्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात घडवली. गुहेत तळाचा गाळ ढवळला की काही दिसत नाही, म्हणून शरीर आडवे आणि साहित्य कमीत कमी ठेवणे त्यांना भागच होते. त्यांच्यातल्या विल्यम होगार्थ मेन यांच्या मधल्या नावावरून या साध्या मांडणीला आजही 'होगार्थियन' म्हणतात. हे सांगण्याचे कारण असे की बाजारातल्या कितीतरी वस्तू अजूनही त्या लोकांच्या गरजेप्रमाणे बनतात. ते पाठीवर दोन-दोन सिलिंडर नेतात. आपण एक नेतो, तेही गरम पाण्यात, १५-२० मीटरपर्यंत. त्यांचे माप आपल्याला लागू होत नाही, आणि खरेदीत लोक फसतात ते इथेच.

आता प्लेट. स्टील की अ‍ॅल्युमिनियम, एवढाच मुख्य प्रश्न आहे. दोन्हींचा आकार साधारण सारखाच असतो, त्यामुळे दोन्ही सारखेच पाणी बाजूला सारतात, सुमारे एक तृतीयांश लिटर. नेहमीची स्टीलची प्लेट समजा २.७ किलोची आहे. आर्किमिडीजच्या नियमाने तिचे पाण्यातले वजन भरेल सुमारे २.३५ किलो. तशीच अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ०.९ किलोची धरली तर पाण्यात तिचे वजन उरते जेमतेम अर्धा किलो. सहावी-सातवीच्या मुलांना फळ्यावर हे गणित जरूर घालून बघा, घनतेचा धडा पुन्हा कधी विसरणार नाहीत.

याचा उपयोग असा. डाइव्हर कमरेला शिशाची वजने बांधतो, कारण वेटसूटमध्ये हवेचे बुडबुडे असतात आणि तो माणसाला वर ओढतो. स्टीलची प्लेट म्हणजे त्यातले दोन-अडीच किलो शिसे कमरेवरून काढून पाठीवर ठेवणे. शिवाय जॅकेटमधला फोम स्वतःच थोडा तरंगतो, तो गेल्यामुळे अजून अर्धा किलो वाचते. एखादे गृहस्थ ३ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट घालून जॅकेटबरोबर ५ किलो शिसे वापरत असतील, तर स्टीलच्या प्लेटवर त्यांना कमरेला सुमारे २ किलो पुरतील. उत्तम.

पण त्यांच्या सडपातळ मुलीला आखूड बाह्यांच्या सूटवर एकूण २ किलोच शिसे लागत असेल तर? तिला स्टीलची प्लेट दिली की शिसे शून्य करूनही ती गरजेपेक्षा जवळजवळ एक किलोने जड होते. एक किलो म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. पण हा जादा किलो तोलायला तिला संपूर्ण डाइव्हभर विंगमध्ये एक लिटर जादा हवा बाळगावी लागते. आणि ही हवा स्वस्थ बसत नाही. बॉईलचा नियम आठवा : १० मीटरवर दाब २ बार, पृष्ठभागावर १ बार, म्हणजे तिथली एक लिटर हवा वर येईपर्यंत दोन लिटर होते. जेवढी हवा जास्त, तेवढी वर येताना ती सांभाळणे अवघड. शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते, तिथेच नवखा डाइव्हर बुचासारखा वर निसटतो. अशा मुलीला अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आणि कमरेला एखादा किलो शिसे, हेच बरोबर. भाड्याने मिळणारे सिलिंडर स्टीलचे असेल तर हा विचार दुप्पट महत्त्वाचा.

विमानाने जाणाऱ्यांनाही अ‍ॅल्युमिनियम सोयीचे. शिसे डाइव्ह सेंटरवर मिळतेच, सामानाच्या १५ किलोत ते कशाला न्यायचे?

म्हणून कोणतीही प्लेट बघण्याआधी आपल्याला शिसे किती लागते ते तपासा. डाइव्ह संपल्यावर, सिलिंडरमध्ये साधारण ५० बार उरलेले असताना, पिशवीतली सगळी हवा काढा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले पाहिजे आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली गेले पाहिजे. बुडत असाल तर शिसे जास्त आहे. बहुतेकांचे जास्तच निघते, कारण घाईच्या दिवशी पर्यटकांना पटकन खाली नेण्यासाठी दोन किलो वरचे बांधायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

विंग किती मोठी घ्यायची?

इथे मात्र "मोठी घेतलेली बरी, कधीतरी लागेल" हा आपला शाळेचा गणवेश घेतानाचा विचार बाजूला ठेवा. विंगवर तिची उचलण्याची क्षमता पौंडात लिहिलेली असते. हिशेब असा : आपल्याकडे सर्रास मिळणारे अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर ११ लिटरचे असते आणि २०० बारला भरतात. म्हणजे २२०० लिटर हवा. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे एकूण २.६ किलो हवा. (हवेला वजन असते हे मुलांना पटत नाही, त्यांना हा आकडा सांगा.) डाइव्हच्या सुरुवातीला आपण या २.६ किलोने जड असतो. खाली गेल्यावर वेटसूट दबतो, त्याचे फार तर दोन किलो धरा. झाले साडेचार. वर आल्यावर डोके पाण्याबाहेर ठेवायला आणखी चार-पाच किलो. बेरीज नऊ-साडेनऊ किलो. म्हणजे २० ते ३० पौंडांची, सुमारे ९ ते १३ किलो उचलणारी विंग एका सिलिंडरला आणि गरम पाण्याला पुरते. हार्नेस अंगावरून काढून पाण्यात सोडला तरी प्लेट, भरलेले सिलिंडर आणि रेग्युलेटर यांना ती तरंगत ठेवते, हीसुद्धा एक कसोटी आहे.

चाळीस-पन्नास पौंडांची विंग दोन सिलिंडरवाल्यांसाठी असते. एका सिलिंडरवर तिच्या कडा वर वळून सिलिंडरला गुंडाळल्या जातात, घडीत हवा अडकते आणि हवी तेव्हा बाहेर पडत नाही. इन्फ्लेटरचे बटण वाळू जाऊन अडकले तर मोठी पिशवी माणसाला जास्त वेगाने वर ओढते. वेगाने वर येणे म्हणजे फुप्फुसाला इजा किंवा रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे, दोन्ही जिवावर बेतणारे. उलटा प्रसंगही विचारात घ्या. विंग फाटली तर केवळ पाय मारून वर येता आले पाहिजे, आणि ते जमते फक्त वजन बेताचे असेल तर. त्यासाठी थोडे तरी शिसे पटकन सोडून देता येईल असे कमरेच्या पट्ट्यावर ठेवावे.

खरेदी करताना आणखी एक बघायचे. प्लेटवरची मधली दोन भोके मुळात दोन सिलिंडरच्या बोल्टसाठी आहेत, सुमारे २८ सेंटीमीटर अंतरावर. एक सिलिंडर लावायला जोडपट्टी लागते किंवा सिलिंडरचे पट्टे थेट विंग-प्लेटमधून ओवता यावे लागतात. तुमच्या विंगला यातले काय चालते ते विचारून घ्या. आणि सिलिंडरचे पट्टे भिजवून मगच आवळा, नायलॉन ओला झाला की सैल पडतो.

हार्नेस बसवायला एक संध्याकाळ जाते. पहिल्यांदा सगळेच तो घट्ट बांधतात. खांद्याच्या पट्ट्याखाली हाताचा पंजा सहज गेला पाहिजे. प्लेट घसरून मानेकडे सरकू नये म्हणून दोन पायांमधून येणारा पट्टा असतो, तो कापून टाकू नका. लहान चणीच्या मुलांना नेहमीची प्लेट कमरेवर टोचते. काही कंपन्या आखूड प्लेट काढतात, ती घ्या, नाहीतर एक-दोन वर्षे जॅकेटच राहू द्या. मूल वाढले की पट्टा पुन्हा ओवून सैल करता येतो, प्लेट तीच राहते.

पहिल्या डाइव्हला ही मांडणी घेऊन थेट समुद्रात जाऊ नका. पृष्ठभागावर विंग पूर्ण फुगवली की ती तोंड पुढे ढकलते, आणि जॅकेटची सवय असलेला माणूस तिथे गडबडतो. हवा थोडी कमी ठेवायची आणि आरामखुर्चीत बसल्यासारखे मागे रेलायचे. तलावात अर्धा तास प्रशिक्षकाबरोबर हे करून बघा, हार्नेस पाण्यात काढून पुन्हा घालून बघा. घरी आल्यावर विंगच्या आतही गोडे पाणी घालून हलवा, ओता आणि थोडी हवा भरून सावलीत टांगून ठेवा.