मध्यमवयातील लष्करी सेवेकडे पुनरागमन : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मुंबईच्या उपनगरांत चाळिशीच्या सुमारास व्यवसाय बदलणे ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. अंधेरीच्या सीप्झमधील अभियंता अध्यापनाकडे वळतो, मुलुंडमधील बँक कर्मचारी स्वतःचा व्यवसाय सुरू करतो. परंतु ज्याने पूर्वी काही वर्षे लष्करात घालविली आहेत, किंवा जो महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचा गणवेश घालून पुढे नोकरीत स्थिरावला आहे, त्याला मध्यमवयात पुन्हा गणवेश धारण करावयाचा असेल तर काय मार्ग आहेत, याविषयी बराच गैरसमज आढळतो. नियमित सेनेची सर्वसाधारण प्रवेशद्वारे विशी-पंचविशीतच बंद होतात. त्यानंतर उघडी राहणारी दोन प्रमुख दारे म्हणजे प्रादेशिक सेना आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअर, अर्थात डी.एस.सी. ही दोन्ही दारे एकाच लष्कराची असली तरी त्यांतून आत जाणारी माणसे व त्यांची कारणे अगदी भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात या भिन्नतेचे विवेचन केले आहे.

प्रादेशिक सेना : नोकरी सोडून नव्हे, नोकरी राखून

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ साली झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. नागरी जीवनात स्थिर असलेल्या व्यक्तींनी वर्षातील काही काळ लष्करी प्रशिक्षण घ्यावे व गरज पडेल तेव्हा सेवेत यावे, ही तिची मूळ कल्पना होय. अधिकारी म्हणून प्रवेशासाठी नागरी उमेदवाराचे वय १८ ते ४२ असावे लागते, तो पदवीधर असावा लागतो, आणि त्याला उत्पन्नाचे स्वतंत्र साधन असावे लागते. ही शेवटची अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्याच्याकडे नोकरी वा व्यवसाय नाही त्याला येथे प्रवेशच नाही. म्हणजे घाटकोपरच्या एखाद्या गृहस्थाने सैन्यात जाण्याच्या उत्साहात आधीच राजीनामा दिला, तर त्याने आपल्याच हाताने आपली पात्रता घालविली असे होते.

निवडीचा क्रम कठीण आहे. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, सेवा निवड मंडळाची कित्येक दिवसांची चाचणी व वैद्यकीय तपासणी असे टप्पे पार करावे लागतात. २०२५ सालच्या जाहिरातीत संपूर्ण देशासाठी केवळ १९ जागा होत्या. त्यांपैकी १८ पुरुषांसाठी व १ महिलेसाठी. (महिलांना हे दार उघडले ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१८ मधील निर्णयामुळे.) लष्करातून सेवामुक्त झालेल्या अधिकाऱ्यांसाठी मात्र प्रवेशाची स्वतंत्र व्यवस्था आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडलेला अधिकारी पस्तिशीच्या आसपास असतो. त्याला निवृत्तिवेतन नसते आणि तो बहुधा खासगी कंपनीत व्यवस्थापक होतो. पुनरागमन हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो अशा अधिकाऱ्याला.

प्रवेशानंतर पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, पायदळाच्या तुकड्यांमध्ये दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे कमिशनोत्तर प्रशिक्षण असा साधारण क्रम आहे. वेतन मिळते ते प्रशिक्षणाच्या व प्रत्यक्ष सेवेच्या काळापुरते. अधिकाऱ्यास निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची प्रत्यक्ष सेवा लागते. चाळिशीत दाखल झालेल्या व्यक्तीने या हिशेबावर भिस्त ठेवू नये हे उघड आहे. मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न अशा प्रादेशिक सेनेच्या तुकड्या पुणे व कोल्हापूर येथे आहेत. परंतु नेमणूक घराजवळच होईल असे नाही. जम्मू-काश्मीर व ईशान्य भारतात या सेनेच्या तुकड्यांनी दीर्घकाळ सेवा बजावली आहे.

दोन महिने ही कागदावरची मुदत आहे, याची जाणीव मे २०२५ मध्ये पुन्हा झाली. पाकिस्तानशी तणाव वाढलेला असताना केंद्र शासनाने अधिसूचना काढून प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकारी व जवानाला सेवेत बोलाविण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला. ३२ पायदळ तुकड्यांपैकी १४ तुकड्या त्यात नमूद होत्या आणि मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंतची होती. घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि वृद्ध आईवडील यांचा भार असलेल्या उपनगरातील कुटुंबाला अशा आज्ञेचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको.

या ठिकाणी मालकाची भूमिका निर्णायक ठरते. कायद्याच्या कलम ७-अ नुसार लष्करी सेवेसाठी गेलेल्या कर्मचाऱ्यास परतल्यावर पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या नसलेल्या अटींवर कामावर घेणे मालकास बंधनकारक आहे. मात्र मालकाने ते केले नाही तर मिळू शकणाऱ्या भरपाईची मर्यादा सहा महिन्यांच्या वेतनाइतकीच आहे. रेल्वे किंवा तेल महामंडळ यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांत स्वतःच्याच प्रादेशिक तुकड्या उभारल्या गेल्या. १९७४ च्या रेल्वे संपात गाड्या चालू ठेवण्यासाठी रेल्वेच्या अशा तुकड्यांचा उपयोग केला गेला होता. तेथील कर्मचाऱ्यास रजेची चिंता तुलनेने कमी. खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याला मात्र कायद्यापेक्षा वरिष्ठांच्या सौजन्यावरच अधिक विसंबावे लागते, आणि ही या व्यवस्थेतील खरी उणीव होय.

नाना पाटेकर यांचे उदाहरण मुंबईत नेहमी दिले जाते. ‘प्रहार’ (१९९१) या चित्रपटासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर प्रशिक्षण घेतले, आणि १९९९ च्या कारगिल संघर्षाच्या वेळी, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते पुन्हा गणवेशात सीमेकडे गेले. त्यांची तळमळ आदरास पात्र आहे. तथापि मानद पद हा सामान्य उमेदवाराचा मार्ग नव्हे, हे ध्यानात ठेवणे इष्ट. त्याचप्रमाणे वीरपत्नींसाठी नियम काहीसे शिथिल आहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये हुतात्मा झाल्यानंतर स्वाती महाडिक यांनी वयोमर्यादेत सवलत मिळवून प्रशिक्षण पूर्ण केले व २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. असा प्रवेश नियमित सेनेतील आहे, पण तो वीरपत्नींपुरताच.

डी.एस.सी. : गरजेपोटी दुसऱ्यांदा गणवेश

दुसरे दार अधिकाऱ्यांच्या चर्चेत क्वचितच येते. घाटकोपर पश्चिमेला नौदलाचे सामग्री आगार आहे, मालाड-कांदिवलीच्या पूर्वेस सी.ओ.डी. या नावाने परिचित असलेले लष्कराचे केंद्रीय आयुध भांडार आहे. लष्कराच्या अशा आस्थापनांच्या रक्षणासाठी फेब्रुवारी १९४७ मध्ये उभारलेल्या दलातून आजचे डी.एस.सी. घडले, त्याचे केंद्र केरळमधील कन्नूर येथे आहे. यात प्रामुख्याने निवृत्त जवानच पुन्हा भरती होतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडील जवान अठराव्या वर्षी भरती होतो, पंधरा-सतरा वर्षांनी निवृत्तिवेतन घेऊन पस्तीस-चाळीस वर्षांचा असताना घरी येतो. मुले शाळेत असतात, शेती तुटपुंजी असते. खासगी सुरक्षा एजन्सीच्या बारा तासांच्या पाळीपेक्षा त्याला पुन्हा लष्करी शिस्त व लष्करी वेतन बरे वाटते.

या सेवेला केवळ पहारेकरीपण समजणे अन्यायाचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावरील हल्ल्यात डी.एस.सी.चे पाच जवान धारातीर्थी पडले. डोग्रा रेजिमेंटमधून निवृत्त होऊन या दलात आलेले जगदीश चंद हे हाती शस्त्र नसताना एका दहशतवाद्याशी भिडले, त्याचेच शस्त्र हिसकावून त्यांनी त्याला ठार केले व नंतर स्वतः प्राण गमावले. त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र देण्यात आले.

पुन्हा भरती होताना जवानापुढे दोन पर्याय असतात : आधीची सेवा नव्या सेवेत मिळवून घेणे, अथवा पहिले निवृत्तिवेतन चालू ठेवून नवी सेवा स्वतंत्र मोजणे. दुसरा पर्याय घेतल्यास दुसऱ्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा पंधरा वर्षे भरावी लागतात. म्हणजे भरतीच्या वेळी वय चाळिशीपलीकडे असेल, तर हा हिशेब काही महिन्यांनीही हुकू शकतो. हे काही महिने माफ व्हावेत म्हणून अनेक जवानांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आहे. या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईतही आहे. चौदा वर्षे व काही महिने पहारा दिलेल्या माणसाच्या हाती येणारी रक्कम अशा वेळी भरतीच्या दिवशी भरलेल्या एका पर्यायपत्रावर अवलंबून राहते, आणि ते पत्र भरताना त्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगितलेला असतोच असे नाही.